एकच नियम, तीन गिटार

गिटार शिकू पाहणाऱ्या नवख्यासमोर अकूस्टिक, इलेक्ट्रिक आणि बेस असे तीन पर्याय असतात आणि त्यांतले सोपे कोणते, या प्रश्नावर निवड बहुधा अडते. आधी अकूस्टिकवर बोटे घट्ट करावीत, मग इलेक्ट्रिककडे वळावे, हा सल्ला तर सर्रास दिला जातो. मात्र तिन्ही वाद्यांमागील भौतिकशास्त्र तपासले, तर ‘सोपे’ आणि ‘अवघड’ हे शब्द येथे फारसे उपयोगी नाहीत, हे ध्यानात येते.

ताणलेल्या तारेचा नियम फ्रेंच अभ्यासक मारँ मेर्सेन यांनी १६३६ मध्ये मांडला. तारेची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणारी तिची कंपने, लांबी वाढली की घटते, ताण वाढला की वाढते आणि तार जड झाली की पुन्हा घटते. गिटारची सर्वांत खर्जातली तार ८२.४ हर्ट्झला, तर बेसची ४१.२ हर्ट्झला, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली लावली जाते. लांबी आणि ताण तेच ठेवून सप्तकभर उतरायचे, तर तार चौपट जड हवी. परंतु जाडीबरोबर तिचा ताठपणाही वाढतो आणि मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे उपस्वर बेसूर होऊ लागतात. म्हणून बेसची तार जाड असते, तशीच लांबही असते: गिटारवर तिची कंप पावणारी लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असेल, तर बेसवर ती सहसा ८६४ मिलिमीटर भरते. परिणामी पहिले चार पडदे गिटारवर सुमारे १३४ मिलिमीटरमध्ये मावतात, तर बेसवर त्यांना १७८ मिलिमीटर लागतात. बोटांना असा ताण देणारा बेस बहुतेक वेळा एका वेळी एकच स्वर मागतो. अनेक स्वर एकत्र वाजवण्याची, म्हणजे कॉर्ड धरण्याची कसरत त्यावर क्वचितच करावी लागते.

अकूस्टिक गिटारची अडचण वेगळी आहे. बारीक तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. तिची ऊर्जा घोडीवाटे वरच्या पातळ लाकडी फळीत उतरते आणि ती फळी व पोटातील हवा मिळून आवाज घडवतात. फळी हलवण्याइतकी ऊर्जा मिळावी म्हणून पोलादी तारा जाड व ताणलेल्या ठेवाव्या लागतात. सर्वांत वरच्या स्वराची तार अकूस्टिकवर ०.३० मिलिमीटर जाड असेल, तर तिच्यावर सुमारे साडेदहा किलोग्रॅम वजनाइतका ताण असतो, इलेक्ट्रिकच्या ०.२३ मिलिमीटर तारेला त्याच स्वरासाठी सहा किलोग्रॅम पुरतात.

हा फरक पिकअपमुळे शक्य झाला. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होण्याचा, उपयोग पिकअपमध्ये होतो: चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात आणि वर पोलादी तार थरथरली की त्यांत क्षीण विद्युतप्रवाह उमटतो. जॉर्ज बोशँ यांनी १९३१ च्या सुमारास ही युक्ती गिटारवर यशस्वी केली, तर लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या ‘प्रिसिजन बेस’ने तीच युक्ती पडदे असलेल्या बेसला दिली. मात्र आवाज मोठा करण्याचे काम अॅम्प्लिफायरकडे गेल्याने या दोन्ही वाद्यांत तोही खर्च धरावा लागतो.

बोटे दुखणे न दुखणे मात्र तारेच्या पडद्यापासूनच्या उंचीवरही तितकेच अवलंबून असते. ही उंची नीट न लावलेले इलेक्ट्रिक गिटार व्यवस्थित लावलेल्या अकूस्टिकपेक्षा अधिक त्रास देऊ शकते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड ओल शोषून फुगले की अकूस्टिकची फळी वर उचलली जाऊन उंची आपोआप वाढते. हा दोष कारागीर दुरुस्त करू शकतो. वाद्याचे काम मात्र बदलता येत नाही. गाण्याला एकट्याने साथ करायची असल्यास अकूस्टिक, ताणलेले लांब स्वर आणि पालटता नाद हवा असल्यास इलेक्ट्रिक आणि तालवाद्याच्या जोडीने गाण्याचा पाया धरायचा असल्यास बेस, असा निर्णय आवडत्या संगीताकडे पाहून घेणेच रास्त ठरते.