जीपच्या चाकांचं गणित

मुलांनो, आपल्या सेलूजवळच्या बोर व्याघ्र प्रकल्पात फिरणाऱ्या उघड्या जीपगाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून जीप म्हणजे कुठंही जाणारी गाडी! मग काही हौशी दादांना वाटतं, हिला आणखी मोठी चाकं लावू. ऐट वाढते, पण गणित बिघडतं.

कसं? वही घ्या. समजा, चाकाचा व्यास २८ इंच. परीघ किती? ८८ इंच. आता ३५ इंचांचं चाक लावलं, तर परीघ ११० इंच! वेगाचा काटा मात्र चाकाच्या फेऱ्यांवरच चालतो. तो बिचारा ४० दाखवतो, तेव्हा गाडी धावत असते ५० ने! शिवाय गाडी साडेतीन इंच उंच होते, म्हणजे वळणावर उलटायची भीती जास्त. ब्रेक तर जुनेच. एवढं मोठं चाक त्यांना लवकर आवरत नाही.

समोर लोखंडी गार्ड लावायची हौसही तशीच. पायी चालणाऱ्याला तो लागला तर विचारूच नका! २०१७ साली केंद्र सरकारने अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की, गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत. मग काय, दादा जुनी चाकं शोधत भंगारवाल्याच्या दारात!