वाइनला गुण किती? बागायतदारांनी चाखून कसं ठरवावं



खाण्याची द्राक्षं कशी पारखायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मण्याची फुगवण, रंग, गोडी आणि देठाचा हिरवेपणा बघितला की माल कळतो. वाइनच्या द्राक्षाचं तसं नाही. इथं मणी लहानच बरा, कारण रंग आणि वास बहुतेक सालीतच असतो. माल वायनरीच्या काट्यावर उतरला की तो नजरेआड होतो आणि त्याचा खरा निकाल बाटलीत लागतो. तो निकाल वाचता यावा, म्हणून ही माहिती.

याची गरज काय, असं कुणी म्हणेल. नाशिक भागात १९९७ च्या सुमारास वाइनच्या जातींची नवी लागवड सुरू झाली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं आणि लागवड वाढली. मग २००८ नंतर मंदी आली, वाइन टाक्यांत पडून राहिली आणि पुष्कळांनी बागा काढून टाकल्या. अशी वेळ पुन्हा आली, तर ज्याच्या मालाची वाइन चांगली, त्याच्या मालाला आधी विचारणा होणार. नुसत्या ब्रिक्सच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. साखर यंत्र सांगतं, चव सांगत नाही.

चाखण्यापूर्वी

चाखणं म्हणजे पिणं नव्हे. घोट तोंडात घोळवून पिकदाणीत थुंकायचा असतो. जाणकारही तसंच करतात. २१ वर्षांखालच्या मुलांना यात बसवू नये.

वेळ सकाळी, जेवणाआधीची बरी. तंबाखू, पान, कांदा, अत्तर आणि उदबत्ती दूर ठेवा. पेला काचेचा, पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. त्यात ५० मिलिलिटरच वाइन घ्या, म्हणजे वास साठायला जागा राहते. पांढरी वाइन ८ ते १२ अंश आणि तांबडी १६ ते १८ अंश सेल्सिअस असावी. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी म्हणतात, ते युरोपातल्या थंड घरांना लागू. आपल्याकडे उन्हाळ्यात तीही थोडी गार करावी लागते.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर नंबर टाका. स्वतःची वाइन कोणती हे कळलं, की जीभ पक्षपात करते. सर्वांचे गुण लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.

गुण कसे द्यावेत

आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या तक्त्यात साध्या वाइनला १०० पैकी गुण देतात, ते असे :

१. पाहणे – १५ गुण. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. वाइन नितळ आहे का? ताजी पांढरी वाइन तपकिरी दिसली, तर तिला हवा लागली असं समजा.

२. वास – ३० गुण. आधी न हलवता, मग पेला फिरवून वास घ्या. सोविन्यों ब्लांमध्ये पेरू आणि ओलं गवत, शिराझमध्ये जांभूळ आणि काळी मिरी अशा ओळखीच्या वासांची नावं लिहा.

३. चव – ४४ गुण. गोडी, आंबटपणा, तुरटपणा यांचा तोल बघा. घोट थुंकल्यावर चव किती वेळ टिकते तेही बघा.

४. एकूण मेळ – ११ गुण.

दोष आणि त्याचं मूळ

नुसता आकडा लिहून थांबू नका. गुण कुठं कापले, तिथं बागेचा धडा आहे.

• पाणचट चव : बहुधा वेलीवर घड जास्त होते. पुढच्या हंगामात विरळणी करा.

• तांबड्या वाइनला हिरव्या सिमला मिरचीचा वास : तोडणी लवकर झाली किंवा घड दाट पानांच्या सावलीत राहिले. कॅबर्नेमध्ये हे विशेष आढळतं.

• मिळमिळीत, आंबटपणा नसलेली चव : तोडणी लांबली किंवा उन्हाचा तडाखा बसला. आंबटपणावर लक्ष ठेवून तोडणीचा दिवस ठरवा.

• शिरक्याचा वास : तडकलेले किंवा पक्ष्यांनी फोडलेले मणी क्रेटमध्ये गेले असतील, माल उन्हात ताटकळला असेल किंवा वायनरीत टाकीला हवा लागली असेल. तोडणी पहाटे करून माल लगेच पोचवा.

• सडक्या अंड्याचा वास : भुरीसाठी गंधकाची फवारणी तोडणीच्या फार जवळ झाली असेल. आंबवतानाही हा दोष येतो, म्हणून वायनरीत विचारा.

• ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास : हा बहुतेक वेळा बुचाचा दोष असतो. याचा ठपका बागेवर येऊ देऊ नका, दुसरी बाटली उघडायला सांगा.

वायनरीशी बोलताना

लहान वायनरीचा एक फायदा असतो. टाक्या लहान असल्या तर एका बागेचा माल वेगळा आंबवता येतो. दहा जणांचा माल एकत्र झाला, की कुणाचं चुकलं आणि कुणाचं साधलं हे कळत नाही. म्हणून माल देण्याआधीच तशी विनंती करा, जमल्यास करारात लिहून घ्या. जानेवारी ते मार्चमध्ये तोडलेल्या मालाची पांढरी वाइन पावसाळ्यापर्यंत बहुधा चाखण्याजोगी होते. तांबडीला जास्त वेळ लागतो, तरी टाकीतला नमुना बघता येतो.

तेव्हा फळछाटणीच्या आधी एक दिवस काढा. चार शेजारी बागायतदार आणि वायनरीचा माणूस असे एकत्र बसा. गुणांचा कागद छाटणीच्या वहीतच जपून ठेवा. दोन-तीन हंगामांचे कागद शेजारी ठेवलेत, की कोणता प्लॉट सुधारला हे दिसेल आणि भावाची बोलणी करताना हाती पुरावा राहील.