बाळ आपल्यापुरतं खरंच ओढून घेतं का?

“आईच्या अंगात रक्त कमी असलं तरी बाळ आपल्यापुरतं ओढून घेतं,” हे वाक्य परभणी जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं धोक्याचं आहे.

पोटात आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये वार असते. आईच्या रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनावर बसून वारेपर्यंत येतं. वार ते पकडून आत घेते, सुटं करते आणि फेरोपोर्टिन नावाच्या दारातून बाळाच्या बाजूला सोडते. पूर्ण गरोदरपणाला साधारण १ ग्रॅम लोह लागतं. त्यातलं सुमारे ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वारेकडे जातं, तेही बहुतांश शेवटच्या तीन महिन्यांत. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, म्हणून जन्मानंतरचे पहिले चार-सहा महिने बाळ याच साठ्यावर काढतं.

लोह कमी पडलं की वार आईकडून जास्त ओढते, इथपर्यंत ते वाक्य बरोबर आहे. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या संशोधनात दिसलं की टंचाई तीव्र झाली की वार फेरोपोर्टिनची दारं कमी करते. लोह आधी स्वतःपुरतं ठेवते. बाळाच्या वाट्याला कमी येतं, आणि मेंदूच्या वाढीलाही लोहच लागतं.

गुंतागुंत असेल तर गणित आणखी बिघडतं. रक्तदाब वाढून वारेचा रक्तपुरवठा घटला की बाळाची वाढ खुंटते आणि त्याचा साठाही कमी राहतो. आईला मधुमेह असेल तर बाळ जास्त तांबड्या पेशी बनवतं. सगळं लोह तिकडे खर्च होऊन यकृत-मेंदूला कमी पडतं. अंगात जंतुसंसर्ग असेल तर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढून आईच्या आतड्यातलं लोह शोषणच मंदावतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या जवळपास ४६ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गंगाखेड, पालमकडची बाई पाचव्या महिन्यात कोयत्यावर जाते, तेव्हा तिच्या गोळ्या गावातच राहतात. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडलं. १९२९ च्या कायद्याने ती सवलत कारखान्यातल्या स्त्रियांना मिळाली. उसाच्या फडात ती अजून पोचायची आहे.

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ ही जास्त लोह-जस्ताची ज्वारी प्रसारित केली. ती जरूर पेरा, पण भाकरीतलं लोह अंगी कमी लागतं. सोबत लिंबू हवं आणि जेवणाला लागून चहा नको. मटण-मासळीतलं लोह जास्त चांगलं लागतं. (ज्या ताटावरून आपल्याला हिणवलं गेलं, त्याची ही बाजू कुणी सांगत नाही.) तरीही ताट गोळीची जागा घेत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. पोटात मळमळलं तर गोळी बंद न करता आशाताईंना सांगावं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. विहारातल्या कार्यकर्त्यांनी सोबत जावं आणि हिमोग्लोबिनचा आकडा कार्डावर लिहून घ्यावा. ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. ७ च्या खाली असेल तर मोठ्या दवाखान्यात लगेच न्यावं. बाळंतपणाच्या वेळी बाळ ठीक असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्या मिनिटात वारेतलं उरलेलं रक्त, म्हणजे लोहच, बाळाकडे जातं. याबद्दल डॉक्टरांशी आठव्या महिन्यातच बोलून ठेवावं.