बँकेचे पत्र व खातेदाराचा ठावठिकाणा

मृग जवळ आला म्हणजे बी, खत व मजुरी ह्यांसाठी पैशाची नड कोणास लागत नाही? नेमक्या त्याच दिवसांत खात्याचे कार्ड चालेनासे झाले तर काय ओढवते, ह्याचा दाखला गेल्या वर्षी आमच्या शेजारीच घडला.

वसईच्या पश्चिम पट्टीत केळी व फुले करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या खात्यास मुलाचा मोबाईल नंबर जोडलेला होता. मुलगा आखातात नोकरीस गेला, तो नंबर बंद पडला. खात्याची कागदपत्रे नव्याने द्यावीत, असे बँकेने पाठविलेले निरोप कोणासच पोहोचले नाहीत. एके दिवशी कार्ड बंद झाले. मजूर दारात उभे, पैसे बँकेत शिल्लक, आणि हातात दमडी नाही!

बँकेने अरेरावी केली, असे प्रथम आम्हांसही वाटले. परंतु चौकशीअंती ह्याची दुसरी बाजू दिसली. ज्याचा धनी सापडत नाही, असे खाते ठकांस आयते सावज होय. बंद पडलेला मोबाईल नंबर निदान ९० दिवसांनंतर परक्या माणसास मिळू शकतो; मग पैसे काढण्याचा गुप्त अंक त्याच्या हाती जाण्यास कितीसा वेळ? सबब निरोपास उत्तर न आल्यास बँक दार लावून घेते.

ह्यासंबंधी रिझर्व्ह बँकेचे नियम वाचकांनी ध्यानात ठेवावेत. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने काहीच व्यवहार न केल्यास बचत खाते निष्क्रिय ठरते; बँकेने जमा केलेले व्याज हा खातेदाराचा व्यवहार नव्हे. मात्र निष्क्रिय खात्यावरही व्याज मिळत राहते, आणि १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे ते पुन्हा चालू करण्यास शुल्क घेता येत नाही. पत्र परत आल्यास खातेदाराचा अथवा त्याच्या वारसांचा शोध घेणे हे बँकेवर बंधनकारक आहे. दहा वर्षे उलटल्यास रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही खातेदाराचा वा वारसाचा हक्क बुडत नाही. बाजारहाटीचे क्रेडिट कार्ड वर्षाहून अधिक काळ न वापरल्यास बँक तसे कळविते, व ३० दिवसांत उत्तर न आल्यास ते बंद करते. किसान क्रेडिट कार्डाची गोष्ट निराळी.

कागदपत्रांच्या नूतनीकरणाबाबत जून २०२५ मध्ये आणखी एक चांगला दंडक झाला. मुदतीपूर्वी तीन सूचना व मुदतीनंतर तीन स्मरणपत्रे देणे आता बँकेस भाग आहे, आणि दोन्ही वेळी निदान एक सूचना टपालाने लेखी गेली पाहिजे. आमची हयात महसूल खात्यात गेली. फेरफाराची नोंद चावडीवर लावून हितसंबंधितांस लेखी सूचना द्यावयाची, ही तेथील जुनी रीत. नुसत्या निरोपावर कोणाचा हक्क थांबवू नये, हे तत्त्व बँकांसही लागू झाले, ह्याचा आम्हांस संतोष वाटतो.

परंतु पत्ताच खोटा असेल तर पत्र काय करील? वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली झाला. वाड्या मोडून इमारती उठल्या, तरी कित्येकांच्या पासबुकावर जुनाच पत्ता आहे. ३१ डिसेंबर २०१८ नंतर चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे रद्द करण्याचे ठरले, तेव्हा जुन्या पत्त्यावर गेलेले नवे कार्ड मालकास मिळणार कसे?

तात्पर्य, प्रत्येकाने तीन गोष्टी कराव्यात. खात्यास स्वतःचा चालू नंबर जोडावा. घर बदलल्यास पत्ता लेखी कळवून पोच घ्यावी. आणि वर्षातून एकदा तरी लहानसा व्यवहार करून वारसाचे नाव पाहून घ्यावे. हे काम पेरणीपूर्वीच, वैशाखात उरकावे. ज्या वृद्धांस शाखेपर्यंत जाणे होत नाही, त्यांच्याबरोबर सोसायटीच्या तरुण सभासदांनी जावे, अशी आमची विनंती आहे.

आमच्या शेजाऱ्यांचे कार्ड आठ दिवसांनी सुरू झाले. परंतु तोवर मजूर दुसऱ्याच्या वाडीत गेले होते.