चित्रकथांचे जग – लेखांक ९ : वीर विरुद्ध वीर

महानायकाची खलनायकाशी लढत लागली की शेवटी कोण जिंकणार, हे वाचकाला बहुधा ठाऊक असते. दोन नायकच एकमेकांसमोर उभे ठाकले की ही खात्री उरत नाही. दोघेही वाचकाचे लाडके, दोघांनीही आजवर दुबळ्यांची बाजू घेतलेली. कोणीही हरले तरी चुटपुट लागतेच. चित्रकथांच्या या प्रकाराची लोकप्रियता या चुटपुटीतून आली आहे.

अमेरिकन चित्रकथेत त्याची सुरुवात १९४० मध्ये झाली. पुढे ‘मार्व्हल’ नावाने प्रसिद्ध झालेल्या टाइमली या प्रकाशनसंस्थेच्या ‘मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स’ मासिकात कार्ल बर्गोसचा ह्यूमन टॉर्च आणि बिल एव्हरेटचा नेमॉर हे दोन नायक वेगवेगळ्या कथांतून गाजत होते. एक आगीचा, दुसरा समुद्राचा. आठव्या अंकात त्यांची गाठ घालून देण्यात आली. माणसांवर संतापलेला नेमॉर न्यूयॉर्कवर चालून आला आणि टॉर्च शहराच्या रक्षणाला उभा राहिला. लढत पुढच्या अंकांत गेली आणि बरोबरीत सुटली. दोघांच्याही कथा पुढे चालू ठेवायच्या असल्याने कोणालाही कायमचे हरवणे प्रकाशकांना परवडणारे नव्हते. ही व्यावसायिक अडचण आजही या प्रकाराला चिकटून आहे.

संघर्ष कशातून उभा राहतो, यावरून या कथांचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार गैरसमजाचा. १९७६ मध्ये डीसी आणि मार्व्हल या प्रतिस्पर्धी संस्थांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांना एका कथेत आणले. त्यात लेक्स लूथर सुपरमॅनचे सोंग घेऊन अपहरण करतो, स्पायडरमॅन खऱ्या सुपरमॅनवर धावून जातो आणि खरे कळल्यावर दोघे एक होतात. मराठी वाचकाला ही घडण नवी नाही. वाल्मीकींच्या रामायणात लव-कुश रामाच्या यज्ञात रामकथा गातात, लढत नाहीत. पण श्रीधरांच्या ‘रामविजया’त ते अश्वमेधाचा घोडा अडवतात आणि रामाच्या सेनेशी झुंजतात. समोर कोण आहे हे ना मुलांना ठाऊक, ना बापाला. मुंबईत १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ने हीच परंपरा चित्रांतून मुलांपर्यंत नेली. या प्रकारात ओळख पटली की भांडण मिटते. म्हणून तो सर्वांत सोपा.

दुसरा प्रकार वचनांचा. इथे ओळख असूनही लढावे लागते. न. चिं. केळकरांच्या ‘कृष्णार्जुनयुद्ध’ नाटकाचा गाभा हाच आहे. गालव ऋषींचा अपमान करणाऱ्या चित्रसेन गंधर्वाला मारण्याची प्रतिज्ञा कृष्ण करतो आणि त्याच गंधर्वाला अर्जुनाकडून अभय मिळते. कृष्णाने शब्द पाळायचा तर अर्जुनाचा मोडतो, अर्जुनाने पाळायचा तर कृष्णाचा. महाभारतात तर असे पेच पानोपानी आहेत. भीष्म कौरवांच्या बाजूने लढतात आणि आपल्याला कसे पाडावे हे पांडवांना स्वतःच सांगतात. कर्णाला आपले जन्मरहस्य युद्धाआधीच कळते, तरी तो दुर्योधनाला सोडत नाही. १९८५ ते १९८९ या काळात ‘अमर चित्र कथे’ने महाभारत ४२ अंकांत काढले. त्याची चित्रे दिलीप कदम यांची. हे चित्रकाराच्या कसोटीचे काम होते. दोन्हीकडे मुकुट, दोन्हीकडे धनुष्ये, त्यात रक्ताचे नाते. तरीही प्रत्येक चौकटीत कोण कोणावर बाण सोडतो आहे हे एका नजरेत कळले पाहिजे. भीष्मांची पांढरी दाढी, अर्जुनाच्या रथावरचा कपिध्वज अशा खुणा तिथे कामी येतात. पाश्चात्त्य महानायकांच्या बाबतीत हे काम पोशाखाचे रंग करतात.

तिसरा प्रकार तत्त्वांचा. फ्रँक मिलरच्या १९८६ मधील ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये सुपरमॅन सरकारचा हुकूम मानतो, बॅटमॅन मानत नाही. मार्क मिलर आणि चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन यांच्या २००६-०७ मधील ‘सिव्हिल वॉर’ने हा वाद आणखी मोठा केला. तरुण नायकांच्या एका फसलेल्या कारवाईत स्टॅमफर्ड शहरात मुलांसह शेकडो माणसे मरतात आणि महानायकांनी सरकारदरबारी नोंदणी करावी, असा कायदा होतो. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. शक्ती असलेल्याने उत्तरदायी असावे, हे एकाचे म्हणणे. सत्तेच्या इशाऱ्यावर चालणारा रक्षक उद्या कोणावरही सोडला जाईल, हे दुसऱ्याचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. स्पायडरमॅन आधी मुखवटा काढून कायद्याला पाठिंबा देतो आणि नंतर बाजू बदलतो, तेव्हा वाचकाच्या मनातली ओढाताण त्याच्या रूपाने पानावर येते. मात्र कायद्याचे समर्थक विरोधकांना निगेटिव्ह झोनमधल्या तुरुंगात डांबतात, त्यांनी घडवलेली थॉरची बनावट प्रतिकृती विरोधकांपैकी गोलियथचा जीव घेते आणि पारडे कॅप्टनकडे झुकते. तेवढ्यापुरती कथा दुबळी होते. शेवटी सामान्य माणसेच कॅप्टनला अडवायला धावतात. आपल्या लढाईने शहराचे काय केले हे पाहून तो जिंकत आलेला असतानाही शरण जातो, आणि कथा पुन्हा सावरते.

तिन्ही प्रकारांतल्या चांगल्या कथा एका गोष्टीवर ओळखता येतात : हरणाऱ्याला आपले म्हणणे पूर्ण मांडू दिले जाते. याचा सर्वांत जुना आणि धीट नमुना नाशिककरांच्या परिचयाच्या कथेतच आहे. पंचवटीतून सीतेचे हरण झाल्यावर राम तिच्या शोधात दक्षिणेकडे निघतो, किष्किंधेत सुग्रीवाशी सख्य करतो आणि वालीला आडून बाण मारतो. वाल्मीकी तिथे थांबत नाहीत. मरणाच्या दारातला वाली रामाला जाब विचारतो : आपले वैर नसताना, मी दुसऱ्याशी लढत असताना, लपून का मारलेस? राम उत्तर देतो आणि वाली ते स्वीकारतो; पण ते उत्तर पुरेसे आहे का, हा वाद आजही मिटलेला नाही. आदर्श मानलेल्या नायकाला असा प्रश्न विचारू देण्याचे धैर्य कवीने दाखवले, म्हणून तो प्रसंग टिकला. वीर विरुद्ध वीर ही कथा रंगवायला बळाची बरोबरी पुरत नाही. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांचे वजनही तितकेच जपावे लागते.