अकरा ओळींनी घातला घोळ!

फायनल इयरचा वेब प्रोजेक्ट करताय? मग 'एनपीएम इन्स्टॉल' ही कमांड तुम्ही कटिंग चहा मागवावा इतक्या सहज देत असणार. पण एक पॅकेज मागितलं की त्यामागून डझनभर येतात. एकाला जेवायला बोलवावं आणि अख्खं बिऱ्हाड यावं, तसं! यालाच म्हणतात डिपेंडन्सी.

२२ मार्च २०१६ रोजी ही साखळी तुटली. एका नावावरून झालेल्या वादात एका प्रोग्रॅमरने आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यातच होतं 'लेफ्ट-पॅड'. मजकुराच्या डावीकडे जागा भरणारं, जेमतेम ११ ओळींचं! पण बेबेलसारखं बडं टूल मधल्या एका पॅकेजमार्फत त्यावर टेकलेलं होतं. जगभर धडाधड बिल्ड फेल झाले. शेवटी एनपीएमने काही तासांत ते परत ठेवलं.

मग फ्रेमवर्कने घरात काय ठेवायचं आणि बाहेर काय?

'एक्स्प्रेस'ने २०१४ मध्ये चौथ्या आवृत्तीत कुकीज, सेशन, फॉर्मचा डेटा वाचणं अशी कामं गाभ्यातून काढून वेगळ्या पॅकेजेसमध्ये टाकली. फायदा असा, की एका पॅकेजमध्ये चूक सापडली तर तेवढंच बदलायचं. तोटा? जोडणी तुमच्या गळ्यात. म्हणूनच की काय, २०१७ मध्ये जेसन वाचायची सोय पुन्हा थेट एक्स्प्रेसमधून मिळू लागली.

'जँगो'चं उलट. डेटाबेस, फॉर्म, लॉगिन, ॲडमिन सगळं घरचंच. बाहेरून येतात दोन-तीन पॅकेजेस. पण त्यानेही पसारा आवरला. देशोदेशीच्या राज्यांच्या याद्या, पिनकोडचे नियम आधी जँगोतच होते, अगदी भारताचेही. २०१३ च्या १.६ आवृत्तीपासून ते वेगळ्या पॅकेजमध्ये गेले. विचार करा, २०१४ मध्ये तेलंगण झालं. एका नावासाठी अख्ख्या फ्रेमवर्कच्या नव्या आवृत्तीची वाट का बघायची?

थोडक्यात, ज्यावर सगळं उभं आहे ते घरात. जे आपल्या वेगाने बदलतं ते बाहेर.

तुम्हीही पुढचं पॅकेज घेण्याआधी विचारा: हे दहा ओळींत मलाच जमेल का? शेवटचं अपडेट कधीचं? मागून कितीजण येतायत? 'एनपीएम एलएस --ऑल' देऊन बघाच, डोळे पांढरे होतील! आणि लॉक फाइल गिटमध्ये टाका, म्हणजे टीममध्ये सगळ्यांकडे तीच व्हर्जन येईल.

व्हायवात एक्स्टर्नलनी 'हे पॅकेज का घेतलं?' विचारलं, तर 'यूट्यूबवर होतं, सर' यापेक्षा बरं उत्तर हवं ना!