जुन्या निवाड्यांतील पंच : राजीनामा, थळ व यजितखत

‘पंच’ हा शब्द आज बहुधा क्रीडांगणावर ऐकूं येतो. चेंडू यष्टीस लागला असता कीं नाहीं, हें क्षणांत ठरवून बोट वर करणारा गृहस्थ तो पंच. त्याची नजर चुकूं शकते, हें खेळाडूंस ठाऊक असतें. तरीहि निर्णय त्याचाच चालतो. हा मान कोठून येतो? आमच्या संग्राहक मित्रांच्या रुमालांत या प्रश्नाचें उत्तर बांधून पडलेलें आहे. मराठी राज्यांत वतनाचे तंटे ज्यांनीं तोडिले, त्यांस तर बहुधा स्वतः न पाहिलेल्या गोष्टीचाच निर्णय करावा लागे. चार पिढ्यांमागें पाटिलकीचा मान कोणीं घेतला, हें मजालशींत बसलेल्या कोणीं पाहिलेलें असणार?

जुना न्याय म्हटला कीं रामशास्त्री प्रभुणे (मृत्यु १७८९) यांची करारी मूर्ति डोळ्यांपुढें येते. परंतु वतनाच्या कागदांत निर्णय करणारा एकटा क्वचितच आढळतो. तेथें देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन व बलुते असें सारें गोत बसलेलें असतें. या बैठकीस मजालस म्हणत व तिच्या निर्णयाच्या कागदास महजर. ज्यांस लिहितां येत नसे, ते आपल्या धंद्याची निशाणी काढीत : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, महाराचा विळा. या निशाण्या शोभेच्या नव्हेत. पुढें कोणी निर्णय नाकारला, तर त्याला या सर्वांस खोटें म्हणावें लागे.

तथापि मुख्य बळ निशाण्यांच्याहि आधींच्या कागदांत होतें. अग्रवादी व पश्चिमवादी आपापली तकरीर लिहून देत. नंतर दोघांकडून राजीनामा घेत. आज या शब्दानें पद सोडण्याचें पत्र समजतात. त्या काळीं त्याचा अर्थ निराळा होता. मजालस जो निवाडा करील तो आम्हांस मान्य आहे, अशी राजीखुषीची ती कबुली असे. अर्थाच्या या फेराने एका यादींत आमच्या हातूनहि चूक झाली : तंट्यांतील राजीनामा आम्हीं ‘पाटिलकी सोडल्याचें पत्र’ म्हणून नोंदला. ती ओळ वाचणारास वादीनें हक्कच सोडला, असें वाटावें. वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट होती. राजीनाम्यामागोमाग जामीन घेत, म्हणजे कबुली देणारा मागाहून पळूं नये. अशा रीतीनें निर्णय काय होईल हें कोणासहि ठाऊक नसतां, तो मानण्याची बांधिलकी आधींच झालेली असे.

बांधिलकी घ्यावयाची तर निर्णय करणारांविषयीं भरंवसा हवा. गांवचें गोत प्रतिपक्षाच्या सोयऱ्याधायऱ्यांनीं भरलें आहे, असा संशय आल्यास वादी ‘थळ’ मागे. म्हणजे दुसऱ्या गांवीं, परगण्यांत किंवा क्षेत्रीं तंटा नेण्याची परवानगी मागे. ती मिळाल्यास तेथील सभेच्या नांवें थळपत्र निघे. पक्षपाताची शंका बोलून दाखविणें हा त्या काळीं मजालशीचा अपमान गणला जात नसे. त्या शंकेसाठीं रीतसर कागदच ठरलेला होता.

कागद व साक्षी दोन्ही थकले म्हणजे दिव्याचा मार्ग उरे. रवादिव्यांत कढत तेलांतुपांतून धातूचा तुकडा काढावयाचा. त्यापूर्वीं हात धुऊन, नखें काढून, अंगचे डाग व वण पाहून ठेवीत. मग हातास पिशवी घालून तिजवर मोहोर करीत आणि ठरल्या दिवशीं ती सर्वांसमक्ष उघडीत. परंतु वर आलेला फोड दिव्याचा कीं आधींचा, हें कोणीं ठरवावयाचें? तें मजालशीसच पाहावें लागे. देवावर सोंपविलेला निर्णयहि अखेर माणसाच्या नजरेनेंच वाचला जाई, आणि पूर्वीच्या खुणा टिपण्याची दक्षता याच जाणिवेंतून आलेली आहे.

निवाडा झाल्यावर जिंकणारा हरकी देई व हरणारा गुन्हेगारी भरी. शिवाय हरलेला पक्ष जिंकणारास यजितखत लिहून देई : माझा दावा खोटा झाला, यापुढें मी किंवा माझे वंशज तंटा करणार नाहीं. वंशज पुष्कळदा तंटा करीतच. तेव्हां हेंच खत पुढें येई. ही पद्धति निर्दोष होती, असें आमचें म्हणणें नाहीं. एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत पंचायतीचे दिरंगाईसारखे दोष दाखविले आहेत. तरीहि ती राखावी, असेंच त्याचें मत पडलें.

यावरून संग्राहकांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, निवाडपत्र हें घडलेल्या गोष्टीचें चित्र नव्हे. उभयतांनीं मान्य केलेल्या सभेस, समोर आलेल्या पुराव्यावरून, काय पटलें एवढेंच तें सांगतें. तें एकटें घेऊन वंशावळ सिद्ध करूं पाहणारानें जपून असावें. दुसरी, अशा तंट्याचा रुमाल फोडूं नये. ठसठशीत शिक्क्यामुळें निवाडपत्रास गिऱ्हाईक मिळतें. तकरीर, राजीनामा, जामीनकतबा व यजितखत हे फाटके बंद मात्र मागें राहतात आणि रद्दींत जातात. त्यांवांचून हरलेल्याचें म्हणणें कायमचें बुडतें आणि निवाड्याचा अधिकार कशावर उभा होता, तेंहि कळेनासें होतें. रुमाल हातीं येतांच कागदांचा मूळ क्रम लिहून ठेवावा. पाठीवरील मजकूर व सांध्यांवरील शिक्के यांचीं छायाचित्रें घ्यावीं. आणि विकणें भागच पडल्यास सर्व कागद एकत्र द्यावे. पूर्वीं मजालशीनें दोन्ही बाजू ऐकून मगच निवाडा केला. आज त्या निवाड्याची पारख करणारांनीं एकच बाजू जवळ ठेवणें शोभत नाहीं.